आडीतल्या दोन अमावास्या

आमच्या अंबावैनींना कुणी आजची तारीख विचारली तर त्या भिंतीकडे बघतात. तिथी विचारली तर बघत नाहीत. चुलीवरची डाळ ढवळत, पाठमोऱ्याच, "द्वादशी, दुपारी त्रयोदशी लागते" असं सांगून मोकळ्या होतात. सव्वीस वर्षं त्यांनी ओरत्तनाडूच्या एका सरकारी शाळेत पोरांच्या दुपारच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. रोज सकाळच्या बसने जायचं, तांदूळ मोजून द्यायचा, घंटा व्हायच्या आत सांबार तयार ठेवायचं. निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "या बाईंमुळे शाळेची घंटा वेळेवर व्हायची." मला वाटतं, त्यांनी काही अतिशयोक्ती केली नाही.

मी त्यांचा धाकटा दीर, सेतुमाधव. वीज मंडळातून निवृत्त, जिभेने जरा फटकळ. तरुणपणी काही वर्षं सोलापुरात नोकरीला होतो, तिथे ही लिहायची मराठी शिकलो. घरात आम्ही बोलतो ती तंजावरची. सोलापुरात लोक ती ऐकून हसायचे. हसोत बापडे. त्यांच्या पणज्याच्या पणज्याला आणून बसवा, तो आमच्याशी जास्त सुखाने गप्पा मारील.

तर वैनींची गोष्ट. पण त्याआधी आमच्या लोकांची एक अडचण सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमची घरं इथे येऊन साडेतीनशे वर्षं होत आली. भोवतालचा मुलूख सूर्यावर चालतो. सूर्याने रास बदलली की तमिळ महिना बदलतो. चित्तिरै, मग वैकासी, असं करत जुलैच्या मध्याला आडी, ऑगस्टच्या मध्याला आवणी, डिसेंबरच्या मध्याला मार्गळी. तारखा दरसाल जवळजवळ त्याच. आमचे महिने मात्र चंद्राचे. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी नवा महिना. त्यामुळे शेजाऱ्यांचं नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला ठाण मांडून बसलेलं असतं आणि आमचा पाडवा कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. लहानपणी वर्गातली मुलं मला विचारायची, "तुमचं नवं वर्ष पळत असतं का रे?" मी म्हणायचो, "हो, तुमचं लंगडं आहे."

आता गंमत अशी की आमच्या भिंतीवर जे कॅलेंडर असतं ते तमिळ. रोज सकाळी एक पान फाडायचं. त्या पानावर तमिळ महिना, तिथी, नक्षत्र, राहुकाळ, सगळं असतं. चैत्र-वैशाख कुठेच नसतात. महाराष्ट्रातून कॅलेंडर मागवलं तर ते वाचणार कोण? देवनागरी येणारे आमच्यात बोटांवर मोजण्याइतके. म्हणून आमच्या बायकांनी कधीकाळी एक सोपी रीत बसवली. तमिळ महिन्यातली अमावास्या शोधायची, तिच्या दुसऱ्या दिवशी आपला महिना लागला असं धरायचं. पंगुनीतली अमावास्या झाली की चैत्र. आडीतली झाली की श्रावण. पुरट्टासीतली झाली की आश्विन, घट बसवा. दोन्ही घड्याळं अशी एकमेकांना बांधून ठेवलेली. मराठी माणसाने तमिळ पानं फाडत चंद्राचे सण धरून ठेवावेत, याचं मला फार कौतुक वाटतं आणि ते मी लपवत नाही.

ही रीत माझ्या आईने वैनींना शिकवली. वैनी तिरुवैयारूहून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या नातलगांना सणाचा दिवस आई सांगायची. निरोप घेऊन माणूस जायचा, नाहीतर पोस्टकार्ड. आईच्या मागे ते काम आपसूक वैनींकडे आलं. त्यांच्या हाती फोन होता. सण आठ दिवसांवर आला की ओट्याजवळच्या स्टुलावर बसून त्या एकेका घराला फोन लावायच्या. कुंभकोणम, त्रिची, चेन्नई, बेंगळुरू. बोलणं एवढंच: "गौर कधी आणाच? ऐका. शुक्रवारी. सकाळी सूर्योदयाला नक्षत्र अहे, घाई नोहो." मग खुशाली, मग पुढचं घर. आमच्या नातलगांत वैनींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी पंचांगवाल्याचा हवाला दिला तर समोरचा विचारायचा, "अंबाने काय सांगितलं?"

आता २०२३ साल.

त्या वर्षी तै महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, वैनींच्या एकुलत्या एका मुलीचं, नित्याचं लग्न झालं. नित्या सिंगापूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. नवरा मुरली, तोही तिथेच. मुलगा तमिळ, कुंभकोणमचा, सालस. त्याची आई भुवनाम्मा ही मात्र करारी बाई. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान तीच चालवते आणि बोलते ते वजनकाट्यावर ठेवून. लग्नात तिने वैनींना विचारलं होतं, "तुमच्याकडे नव्या मुलीचं पहिल्या वर्षी काय असतं?" वैनींनी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मंगळागौर असते. लग्नानंतर पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी मुलीने गौर पुजायची, पहिली पूजा माहेरी. इतर नव्या मुली सोबतीला बसतात, खेळ होतात, जेवणं होतात. भुवनाम्मा म्हणाल्या, "मी येईन. बघेन." त्या बघायला येणार म्हणजे काय, हे ज्यांनी विहीण पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

लग्न करून परत जाताच नित्याचा फोन आला. "अम्मा, श्रावण कधी? रजा अत्तांच मागायला पायजे."

वैनींनी नव्या वर्षाचं जाडजूड कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. मी आणि माझा थोरला भाऊ रंगराव समोर कॉफी पीत होतो. रंगराव म्हणजे वैनींचे यजमान. दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन कॉफीबद्दल. वैनींनी पानं उलटत आडीपर्यंत आणली आणि त्यांचा चेहरा उजळला. आडीच्या पहिल्याच पानावर अमावास्या! "यंदा श्रावण लौकर अला ग," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "जुलैचा शेवटचा मंगळवार धर." नित्याने रजा मागितली, तिकिटं काढली. वैनींनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. पुढची पानं कुणी उलटली नाहीत. मीही नाही.

जुलै आला. कालव्यांना पाणी सुटलं, रस्त्याकडेच्या शेतांत रोपं तयार झाली. वैनींनी नेहमीसारखे फोन केले: श्रावण लागतो, शनिवारचे उपास धरा, नित्याची मंगळागौर पंचवीस तारखेला, तुमची नवी सून पाठवा. नित्या आणि मुरली शनिवारी आले. घरात नारळ आले, केळीची पानं आली, फुलवाल्याला आगाऊ सांगून झालं. पितळेची गौर चिंचेने घासून लखलखीत केली. वैनींचे पाय जमिनीवर नव्हते. साठी ओलांडलेली बाई इतकी धावते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी संध्याकाळी भुवनाम्मांचा फोन आला. वैनींचे हात पिठात होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. त्या दोघींचं बोलणं तमिळमधून.

"मंगळवारी येतेच," भुवनाम्मा म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तुमच्याकडेच उतरू. आडी अमावास्येला यांना तिरुवैयारूच्या घाटावर तर्पण करायचं आहे."

"आडी अमावास्या तर झाली की," वैनी हसून म्हणाल्या. "सोमवारीच झाली."

"ती नाही हो. यंदा आडीत दोन आहेत. पहिली धरायची नाही, दुसरीच धरायची, असं आमचे पुरोहित म्हणाले. सोमवारी घाटावर फारसं कुणी गेलंच नाही."

वैनींचे हात पिठातच थांबले. "बरं," एवढंच म्हणाल्या. फोन ठेवून हात न धुताच उठल्या आणि भिंतीपाशी गेल्या. आडीची उरलेली पानं एकेक करून उचलत गेल्या. महिना संपत आला तिथे, ऑगस्टच्या मध्याला, त्यांचं बोट थांबलं. अमावास्या. पिठाचं बोट त्या पानावर उमटलं.

मलाही तेव्हाच कळलं, कारण ही गोष्ट आम्हाला अपरिचित नव्हती. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं. तसंच चालू दिलं तर चार-सहा वर्षांत दिवाळी सप्टेंबरात आणि आणखी काही वर्षांनी उन्हाळ्यात येईल. म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना जादा घालायचा, की चंद्र आणि सूर्य पुन्हा जवळजवळ बरोबरीने चालू लागतात. कोणता महिना जादा? ज्याच्यात सूर्य रास बदलत नाही तो. आमच्या बायकांच्या भाषेत: एका तमिळ महिन्यात दोन अमावास्या आल्या तर मधला महिना अधिक. अधिकात मंगळागौर नाही, सण नाही, व्रत सुरू करायचं नाही. खरा, निज श्रावण दुसऱ्या अमावास्येनंतर.

वैनींनी आयुष्यात किती अधिक महिने बिनचूक सांगितले होते! पण या खेपेला पहिली अमावास्या महिन्याच्या अगदी पहिल्या पानावर भेटली आणि लेकीची मंगळागौर डोळ्यांपुढे नाचत होती. सापडलं म्हणून हात थांबला. आमच्या रीतीत चुकायला एवढीच एक फट होती आणि नेमक्या तिथेच त्या चुकल्या.

त्यांनी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं. नित्याचा चेहरा पडला. "अम्मा, ऑगस्टमध्ये मज रजा नाही. आठ दिवसांनी परत जायचं अहे."

आता मी माझं शहाणपण पाजळलं. म्हणालो, "वैनी, अधिक झाला तरी नाव श्रावणच ना? मुलगी आलीय, विहीण येतेय, अस्की तयारी, सगळीच्या सगळी, झालीय. करून टाकू. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," वैनी म्हणाल्या.

"मग एकट्या तुमीच गप्प बसा."

"भावजी, तीस-पस्तीस घरं माझ्या सांगण्यावर अहेत. मी गप्प बसले तर अस्की घरं चुकीच्या महिन्यात सण करतील. नित्याची गौर राहिली तर राहील. मी खोटा दिवस सांगणार नाही."

मुरलीला आमचं बोलणं निम्मंअर्धं कळत होतं. त्याने हळूच विचारलं, "पण अत्तै, चूक तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलेली नाही. फोन कशाला?" वैनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

हात धुऊन त्या स्टुलावर बसल्या आणि पहिला नंबर लावला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. "मी अंबा. मी चुकल्यें. यंदा श्रावण अधिक अहे, मी बघट्लें नाही. खरा श्रावण पुढल्या अमावास्येनंतर. शनिवार धरला असाल तर तो धरला नोहो असं समजा. चूक माझी." ना कॅलेंडरवर ढकललं, ना डोळ्यांवर. पुढचं घर. पुन्हा तेच शब्द, पहिल्यापासून. चेन्नईच्या एका म्हातारीने झाडून घेतलं, "तुझ्या सासूने असं कधी केलं नसतं." वैनी म्हणाल्या, "खरं अहे." बेंगळुरूचा एक पोरगा म्हणाला, "मावशी, चालतं हो, अॅडजस्ट करू." वैनी म्हणाल्या, "चालत नाही रे राजा."

मला राग येत होता, त्या म्हातारीचाही आणि वैनींचाही. पण खरं सांगतो, त्या रागाबिगाच्या खाली माझी छाती फुगत होती. आयुष्यभर नोकरीत मी साहेब पाहिले. चूक झाली की हाताखालचा माणूस शोधणारे. ही बाई पदर खोचून बसली होती आणि एकेका घरात स्वतःहून आपला कमीपणा पोचवत होती. आमच्या घराण्यात कोणी तलवार गाजवल्याचं मला ठाऊक नाही. पण ती संध्याकाळ मी कुणालाही छाती पुढे काढून सांगेन.

एकच गोष्ट मला लागली. प्रत्येक फोनच्या शेवटी त्या म्हणत होत्या, "पुढल्या सणापासून मज विचारू नका. त्रिचीच्या हरिप्रियाला विचारा. ती देवनागरी वाचते, तिचं चुकणार नाही." शेवटचा फोन त्यांनी हरिप्रियालाच लावला. ती आमची चुलत भाची. ती नाही-नाही म्हणत राहिली आणि वैनींनी फोन ठेवला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्या घरी नावासकट आला होता.

पण वैनी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. सकाळी उठून म्हणाल्या, "मंगळवारी जेवायला बोलवट्लें अहे, ते बोलावणं खरंच. अधिक महिना जावयाचा. मुरलीला वाण देऊ." ही जुनी पद्धत आमच्यात जवळजवळ विसरली गेली होती. अधिकात जावयाला दिव्यासकट तेहेतीस अनारसे द्यायचे; साधारण तेवढ्या महिन्यांनी हा जादा महिना येतो, म्हणून तेहेतीस. आता आमच्या तंजावरचा अनारसा म्हणजे इथल्या अतिरसाचा सख्खा भाऊ: गूळ, तांदळाचं ओलं पीठ, सुंठ, वेलची. खसखस नाही. पुण्याच्या बाईने त्याला अनारसा म्हणायला नकार दिला असता. तिने म्हणू नये, आम्ही खातो.

मंगळवारी माणसं आली. नव्या मुलीही आल्या. पूजा नाही हे ठाऊक असून आल्या. आणि दहाच्या सुमाराला भुवनाम्मा उतरल्या, सुनेला रेशमी नऊवारीत गौर पुजताना बघायला सज्ज. वैनींनी त्यांना पाणीही घेऊ दिलं नाही. दारातच तमिळमधून सांगितलं, "आज गौर नाही. माझी मोजणी चुकली. तुमच्यामुळे कळलं. नित्याची पहिली मंगळागौर आमच्याकडून राहतेय, ते माझ्या चुकीने. मुलीचा त्यात दोष नाही."

भुवनाम्मांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे तुमचा महिना कधी सुरू होतो?"

"ऑगस्टच्या सतराला. पहिला मंगळवार बावीस."

भुवनाम्मांनी चपला काढल्या. आत येऊन बसल्या. मुरलीला पाटावर बसवलं, वैनींनी आणि रंगरावांनी त्याच्या हातात दिवा लावलेलं ताट दिलं. त्याने अनारसे मोजले, एक कमी आहे म्हणाला, तेव्हा नित्याने तोंड पुसलं. सगळे हसले. भुवनाम्मा सोडून. त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. पंगत बसली, रसमवर भात आला आणि त्या एकदम म्हणाल्या, "आवणी कधी लागतो?"

"तुमचा? अठरा ऑगस्टला," वैनी म्हणाल्या.

"मग आडीभर नित्या इथेच राहील."

मुरलीचा घास हातात राहिला. "अम्मा, आमची तिकिटं..."

"तुझं तिकीट तुझ्यापाशी ठेव. आपल्या घरात पहिल्या आडीत नवी सून माहेरी असते. माझ्या सासूने मला पाठवलं होतं, तुझे बाबा महिनाभर एकटे जेवले. तुम्ही परदेशी राहता म्हणून मी गप्प बसले होते. आता गप्प बसणार नाही." मग वैनींकडे वळून म्हणाल्या, "आडी महिना मुलीच्या आईचा. ती रीत सूर्याची आहे, पण तुमच्या चंद्राला तेवढी पुरते. आडी संपला की तुमचा महिना लागलेलाच असतो. बावीसला तुमची पूजा करा, मग आवणीत मी माझी सून घेऊन जाते."

आडीत नव्या जोडप्याला वेगळं ठेवण्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं: आडीत दिवस राहिले तर बाळ भर उन्हाळ्यात, चित्तिरैच्या आगीत जन्मतं. म्हणून मुरली कानापर्यंत लाल झाला होता. नित्याने तिथेच फोन काढला, ऑफिसला लिहिलं. एक महिना इथून काम करायची परवानगी दोन दिवसांत आली. मुरली एकटा गेला. जाताना उरलेले अनारसे डब्यात भरून नेले, आता मोजत नव्हता.

त्या आडीत मी जे पाहिलं ते आमच्या घरात पूर्वी झालं नव्हतं. आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीची पूजा असते. भुवनाम्मा कुंभकोणमहून आल्या आणि नित्याला, वैनींना घेऊन तिरुवैयारूला गेल्या. नदी तुडुंब होती. घाटावर नव्या सुनांची झुंबड. हा अठरावा म्हणजे तिथी नव्हे, सूर्याचा मोजलेला दिवस. वैनींनी तरी भक्तिभावाने पाण्यात हळद सोडली. त्यांच्या माहेरचाच तो घाट. बाकी महिनाभर त्या भिंतीपाशी फिरकल्या नाहीत. कॅलेंडरचं पान आता रंगराव फाडत. गणपतीचं विचारायला दोन-चार घरांतून फोन आले, तेव्हा वैनी म्हणाल्या, "हरिप्रियाला विचारा," आणि ओट्याकडे वळल्या. मी एकदा बोलून पाहिलं, की एवढ्या वर्षांत एकदा चुकलं तर काय आभाळ कोसळलं? त्या म्हणाल्या, "भावजी, दिवस सांगणारीवर लोक डोळे मिटून विसंबतात. तिने डोळे मिटून चालत नाही."

बावीस ऑगस्टला मंगळागौर झाली. काय सांगू! चौरंगाभोवती केळीचे खांब, ढिगावारी पानाफुलांचा डोंगर, मधोमध पितळेची गौर. नित्या जरीच्या लुगड्यात, कपाळावर घाम. सहा नव्या मुली शेजारी. मंत्र सांगणारे भटजी तेलुगू, आरती मराठी, नैवेद्याला पुरणपोळीशेजारी पायसम. खेळायची वेळ आली तेव्हा फुगडी दोघींनाच येत होती. बाकीच्यांनी गोल धरून टाळ्या वाजवत कुम्मी सुरू केली. भुवनाम्मांनी पदर खोचला आणि त्या त्यात शिरल्या. सांगतो, त्या बाईच्या टाळीचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. रंगराव म्हणाले, "बरं झालं." त्यांचं दिवसाचं पाचवं वाक्य होतं ते. माझे डोळे भरून आले. वैनी खांबाला टेकून उभ्या होत्या. लेकीकडे बघत होत्या आणि रडत होत्या, अगदी उघड.

दिवेलागणीला भुवनाम्मा सुनेला घेऊन निघाल्या. पिशव्या गाडीत गेल्या. त्या चपला घालता घालता थांबल्या.

"पाच वर्षं करायची ना ही पूजा? पुढच्या वर्षीचा दिवस मला कळवा."

"आमच्या हरिप्रियाचा नंबर देते," वैनी म्हणाल्या. "आता ती सांगते."

"मी हरिप्रियाला ओळखत नाही."

"तिचं चुकणार नाही हो."

"न चुकणारी माणसं मी दुकानात रोज बघते," भुवनाम्मा म्हणाल्या. "माल फुटका निघाला तर एकजण कबूल करत नाही. तुम्ही मला दारात उभं राहून सांगितलंत, विहिणीला, पाणी देण्याआधी. माझ्या घरचा दिवस तुम्हीच सांगायचा. दुसऱ्या कुणाचा मी ऐकणार नाही."

वैनी मान खाली घालून उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते, गाडीतून नित्यासुद्धा. मग त्यांनी डोळे पुसले आणि आपल्या नेहमीच्या, सांबाराची चव घेऊन मीठ सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "नवी कॅलेंडरं मार्गळीत येतात. आडीचं पहिलं पान ते शेवटचं पान बघते, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरचं पान वैनींनीच फाडलं. स्टूल ओट्याजवळ ओढलं आणि, चतुर्थीला जवळजवळ चार आठवडे होते तरी, गणपतीचे फोन सुरू केले. पहिला कुंभकोणमला लागला. भुवनाम्मांना चतुर्थी कधी आहे ते ठाऊक होतंच, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.